‘साक्षी’ आणि ‘हुतात्मा’ : प्रकटीकरणातील न्यायाची प्रतीक्षा

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव आणि त्यालगतचा खटाव या तालुक्यांत ‘हुतात्मा’ हा शब्द प्रामुख्याने १९४२ च्या स्मृतीशी जोडलेला आहे. त्या वर्षी ९ सप्टेंबरला वडूज येथील मामलेदार कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला व त्यात मोर्च्यातील माणसे मारली गेली. शब्द मात्र फार जुना नव्हे. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पिलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. या शब्दाच्या घडणीचे श्रेय सामान्यतः वि. दा. सावरकर यांना दिले जाते. ‘मार्टर’ या इंग्रजी शब्दाचा प्रतिशब्द म्हणून तो मराठीत स्थिरावला. तथापि मूळ शब्दाचा इतिहास निराळा आहे, आणि मारल्या गेलेल्यांना न्याय कोणी द्यावयाचा हा प्रश्न त्या इतिहासात गुंतलेला आहे.

ग्रीक ‘मार्तुस’ या शब्दाचा मूळ अर्थ न्यायालयातील साक्षीदार एवढाच होय. ‘धर्मासाठी मरण पत्करणारा’ हा अर्थ त्याला पक्केपणाने चिकटला तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. स्मुर्णा येथील बिशप पॉलिकार्प याच्या मरणाचा वृत्तांत हा त्याचा प्रसिद्ध पुरावा आहे. बायबलातील अखेरचा ग्रंथ ‘प्रकटीकरण’ हा त्याआधीचा. बहुतेक अभ्यासक तो पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन सम्राट दोमितियान याच्या काळात रचला गेला असे मानतात. त्यात पर्गम येथे मारल्या गेलेल्या अंतिपाला ‘साक्षी’ म्हटले आहे. येथे शब्द दोन अर्थांच्या उंबरठ्यावर उभा आहे. अंतिपा मेला हे खरे. पण त्याची साक्ष नोंदलेली आहे आणि खटला अजून निकाली निघालेला नाही.

या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील तीन वचने (९ ते ११) या दृष्टीने वाचण्याजोगी आहेत. वधलेल्यांचे आत्मे वेदीखाली आहेत. यज्ञपशूचे रक्त वेदीच्या पायथ्याशी ओतावे, हा लेवीयातील विधी या चित्रामागे आहे; तेव्हा ‘आहुती’ची कल्पना येथे परकी नाही. परंतु हे आत्मे मूक नाहीत. न्याय कोठवर लांबणार, असा प्रश्न ते देवाला विचारतात. त्यासाठी योजलेले ‘एक्दिकेओ’ हे क्रियापद ‘दिके’, म्हणजे न्याय, या शब्दापासून निघाले आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जाते, तिच्या तोंडीही हेच क्रियापद आहे. तिला प्रतिवादीचे रक्त नको, निवाडा हवा. ‘सूड’ हा मराठी शब्द वापरला की मागणी खाजगी वैराची वाटू लागते. मुळात ती फिर्याद आहे.

फिर्यादीला मिळालेले उत्तरही विचार करण्याजोगे आहे. प्रत्येकाला शुभ्र झगा दिला जातो आणि सोबतीच्या दासांची संख्या पुरी होईपर्यंत थांबण्यास सांगितले जाते. निर्दोषत्व तत्काळ मान्य होते; अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली जाते, आणि दरम्यान आणखी माणसे मरणार हेही लपविलेले नाही. हे सांत्वन दुबळ्यांना निमूट ठेवणारे आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु रोमन अंमलाखाली शिक्षा देणारा अधिकारीच न्यायाधीश होता. अंतिम निवाडा देवाचा, असे म्हणणे म्हणजे सम्राटाचा निवाडा अंतिम नाही असे म्हणणे होय. याच विश्वासाची दुसरी बाजू पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात मांडली आहे. तेथे याच क्रियापदापासून बनलेले नाम योजून तो सांगतो की, हे काम देवाचे आहे, म्हणून ते माणसाने हाती घेऊ नये. साक्षीदार न्यायाधीश नव्हे आणि दंड देणाराही नव्हे.

ही मर्यादा ओलांडली की काय होते, याचे उदाहरण गोव्यात आहे. साष्टीतील कुंकळ्ळी येथे जुलै १५८३ मध्ये रोदोल्फो आक्वाविवा आणि त्याचे चार जेझुइट सहकारी ग्रामस्थांकडून मारले गेले; त्यांच्याबरोबर काही ख्रिस्ती लोकही मेले. आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. या घटनेला साष्टीतील देवळांच्या विध्वंसाची पार्श्वभूमी होती, आणि मृतांपैकी पाशेको व बेर्नो हे तशा मोहिमांत पूर्वी सामील झाले होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलाविले. निसटलेला एक वगळता सर्वांना तेथे ठार मारण्यात आले. ना साक्ष, ना निवाडा. वेदीखालच्या आत्म्यांना जे थांबावयास सांगितले होते, ते त्यांच्या नावे राज्य करणाऱ्यांना थांबता आले नाही. पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पोप तेराव्या लिओने धन्य घोषित केले. गावप्रमुखांचे स्मारक कुंकळ्ळीत २००३ मध्ये उभे राहिले. एकाच गावात आज दोन्ही बाजूंचे हुतात्मे आहेत, आणि दोहोंचीही फिर्याद इतिहासापुढे उभी आहे.

वडूजनंतर साताऱ्याने वेगळी वाट धरली. तत्कालीन सातारा जिल्ह्यात कोरेगाव व खटाव यांच्याप्रमाणेच आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवा, तासगाव हे तालुकेही होते. या जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळे चालविली. त्यांच्यापुढे मुख्यतः जमिनीचे, कर्जाचे व गावातील तंटे येत. हुतात्म्यांचा निवाडा हा त्यांचा विषय नव्हता. शिवाय ‘पत्री सरकार’ हे लोकांतील नावच त्यांच्या कठोर शिक्षेची आठवण देते. तरीही परक्या सत्तेच्या न्यायासनाला अंतिम न मानणे, हा धागा पात्म बेट आणि सातारा यांना जोडतो. भेद आहे तो काळाचा : एकाने निवाडा युगान्तावर सोपविला, दुसऱ्याने तो गावच्या पारावर आणला.

म्हणून ‘हुतात्मा’ आणि ‘साक्षी’ हे शब्द एकमेकांच्या जागी सहजपणे ठेवता येत नाहीत. आहुती पडली की यज्ञ पूर्ण होतो. साक्ष दिली की खटला उभा राहतो. हुतात्म्याचे स्मारक बांधून समाज ऋणातून मोकळा झाल्याचे मानू शकतो. साक्षीदार मात्र निकाल लागेपर्यंत कोणालाच मोकळे करीत नाही. प्रकटीकरणातील मृतांचा देवावरील विश्वास या दुसऱ्या जातीचा आहे. तो प्रश्न सोडून देत नाही, आणि शस्त्रही उचलत नाही.