आधी सांगा, कोणता पाहिलात?

२९ सप्टेंबर १९५४, बुधवारची संध्याकाळ. हॉलीवूड बुलेव्हार्डवर, व्हाइन स्ट्रीटच्या नाक्यापासून चार पावलांवर, पँटेजेस थिएटरसमोर तुम्ही उभे आहात. उभे म्हणजे काय, गर्दीने तुम्हाला उभं धरून ठेवलंय. पुढच्या माणसाच्या हॅटवरून बघायचं तर टाचा उंचावाव्या लागतात. आभाळात सर्चलाइटचे झोत एकमेकांना कापत फिरताहेत. रस्त्याच्या कडेला लाकडी पायऱ्यांच्या गॅलरीत लोक दाटीवाटीने बसलेत, आणि टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यांच्या जाडजूड केबली तुमच्या पायांत येताहेत. तुमच्या पायातल्या स्पोर्ट्स शूजकडे एक बाई क्षणभर निरखून पाहते. मग एक लांबलचक काळी गाडी थांबते आणि बाई तुम्हाला कायमची विसरते.

गाडीतून ज्युडी गार्लंड उतरते. केवढीशी आहे! पडद्यावर उंच वाटणारी माणसं प्रत्यक्षात अशीच फसवतात. वय बत्तीस. १९३९च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधली दोन वेण्यांची मुलगी या गर्दीतल्या प्रत्येकाच्या घरातली आहे, आणि म्हणूनच तिच्याबद्दल बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कान उघडे ठेवा. चार वर्षांपूर्वी एमजीएमने तिचा करार संपवला तो का, हे सगळ्यांना पाठ आहे: उशिरा येणं, न येणं, झोपेच्या गोळ्या, जागं राहण्याच्या गोळ्या. १९५०नंतर तिचा एकही चित्रपट आलेला नाही. आजचा 'अ स्टार इज बॉर्न' तिच्या नवऱ्याने, सिड लफ्टने, वॉर्नर ब्रदर्ससाठी काढलाय. पन्नास लाख डॉलरच्या वर खर्च गेलाय म्हणतात, आणि ते खरंच आहे. काही दिवसांचं चित्रण झाल्यावर सिनेमास्कोप घ्यायचं ठरलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं, तर दुसरं काय होणार?

गर्दीतले अर्धे लोक तिला जिंकताना पाहायला आलेत. उरलेले अर्धे ती पडते का ते पाहायला आलेत. एकच माणूस दोन्हीसाठी आलेला असू शकतो, हेही लक्षात असू द्या.

आत चला. तुम्हाला कुणी अडवत नाही. १९३०मध्ये उघडलेल्या या थिएटरचं छत सोनेरी नक्षीने इतकं भरलंय की सिनेमा कंटाळवाणा निघाला तरी तीन तास वर बघत काढता येतील. हो, तीन तासच: १८१ मिनिटं. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, इथल्या लोकांनाही माहीत आहे. १९३७मध्ये जॅनेट गेनर आणि फ्रेडरिक मार्च यांची ती करून झालीय. दारूत बुडालेला नामवंत नट एका अनोळखी मुलीला वर काढतो, ती नटी होते, दोघं लग्न करतात, ती चढत जाते आणि तो उतरत जातो. पुढे १९७६मध्ये आणि २०१८मध्येही हीच गोष्ट याच नावाने येणार आहे. 'आशिकी २'मधली आरोही शिर्के गोव्याच्या बारमध्ये गात असते आणि एक दारुडा स्टार तिला ऐकतो, तोही याच ठशाचा प्रसंग. पण आत्ता ते सगळं विसरा. दिवे गेलेत.

पडद्यावर रात्र सरलीय. बंद झालेल्या क्लबात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवल्यात, चार वादक आपल्याच मौजेसाठी वाजवताहेत आणि एस्थर, म्हणजे ज्युडी, 'द मॅन दॅट गॉट अवे' गाते. हॅरोल्ड आर्लेनची चाल, आयरा गर्श्विनचे शब्द. कॅमेरा न तुटता तिच्याबरोबर सरकतो. हे गाणं कपडे बदलून, रंग बदलून पुन्हा पुन्हा चित्रित केलं, आणि अखेर टिकला तो गडद झगा आणि पांढरी कॉलर. तुमच्या रांगेतल्या माणसाचा सिगारेट धरलेला हात तोंडापर्यंत जाताजाता मध्येच थांबलाय. राख त्याच्या गुडघ्यावर पडते, त्याला पत्ता नाही. सिनेमाबद्दलचं सगळ्यात खरं मत असं दिलं जातं. बाकीचं बाहेर पडल्यावर सुचतं.

आता जरा पडद्याकडे पाठ करून लोकांचे चेहरे पाहा. पडद्यावर बुडतोय तो नॉर्मन मेन, म्हणजे जेम्स मेसन. पण सभागृहाला ठाऊक आहे की सेटवर वेळेवर येणारा, संवाद चोख पाठ असणारा माणूस मेसनच होता. ज्या खोडींसाठी नॉर्मनला स्टुडिओ हाकलतो, त्याच खोडींसाठी ज्युडीला हाकललं होतं. म्हणून ती जेव्हा मेकअपच्या खोलीत स्टुडिओप्रमुख ऑलिव्हर नाइल्सपुढे कोसळते आणि विचारते की ज्याच्यावर प्रेम आहे तो डोळ्यांदेखत संपत चालला तर काय करायचं, तेव्हा लोकांना दोन बायका ऐकू येतात. एक बायको नवऱ्याबद्दल बोलतेय. दुसरी स्वतःबद्दल. अंगावर काटा येतो. आणि अगदी याच क्षणी कुणीतरी चॉकलेटचा कागद उलगडतं. प्रेक्षक सगळीकडे सारखेच.

त्या प्रसंगात तिच्या चेहऱ्यावर रंगवलेले तीळ आहेत आणि अंगावर पेपर विकणाऱ्या पोराचा पोशाख. का, ते तुम्हाला आज रात्री कळतं, कारण आधी आणि नंतर 'लूज दॅट लाँग फेस' हे खट्याळ गाणं आहे. ती गाणं थांबवून खोलीत येते, रडते, डोळे पुसते, आणि परत जाऊन त्याच हसऱ्या चेहऱ्याने नाचते. प्रसिद्धीचा धंदा काय असतो, हे कुठल्याही भाषणाशिवाय सांगणारी ही जागा आहे.

मेसनबद्दल माझं मत आताच सांगून टाकतो. गाणी ज्युडीची आहेत, पण सिनेमा मेसन सावरतो. बायकोला ऑस्कर मिळत असताना नॉर्मन पिऊन स्टेजवर येतो, काम द्या म्हणून भर सभेत विनवतो आणि हात फेकताना चुकून तिच्याच तोंडावर लागतो, तो प्रसंग तो कसा करतो ते पाहा. कीव मागत नाही. म्हणून मिळते.

बाहेर या. फुटपाथवर मतं सुरू झालीत. रडून डोळे सुजलेली एक मुलगी म्हणते, असं काही पाहिलंच नव्हतं. तिचा बाप म्हणतो, पाऊण तास कमी चालला असता. बाप अगदीच चुकीचा नाही. मध्ये 'बॉर्न इन अ ट्रंक' हा जवळजवळ पंधरा मिनिटांचा नाचगाण्याचा तुकडा आहे. दिग्दर्शक जॉर्ज कुकोरचं काम आटोपल्यावर, त्याच्याशिवाय चित्रित करून तो मागाहून जोडला. ज्युडीसाठी सुंदर, गोष्टीसाठी नको असलेला पाहुणा. कात्री चालवायचीच तर तिथे चालवावी, असं तुम्हाला वाटेल.

कात्री चालतेच. पण तिथे नाही.

तारीख बदला: १९५४चा नोव्हेंबर. एखाद्या आडगावचं थिएटर निवडा, कुठलंही चालेल. तीच पोस्टरं, तोच चित्रपट, लांबी १५४ मिनिटं. थिएटरमालकांची तक्रार होती की एवढ्या लांबीत दिवसाचे खेळ कमी होतात, आणि न्यूयॉर्कच्या कचेरीत बसलेल्या हॅरी वॉर्नरने हुकूम सोडला. कुकोर तोवर पुढच्या 'भवानी जंक्शन'साठी जागा पाहायला भारताकडे निघून गेला होता. त्याला न विचारता २७ मिनिटं उडवली. निगेटिव्हचे ते तुकडेही राखले नाहीत. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी आधी मूळ चित्रपटाची तारीफ केली होती, या कापाकापीवर त्यांनी वेगळा, चिडलेला लेख लिहिला.

काय गेलं, ते खुर्चीत बसून मोजा. नॉर्मन अचानक बाहेरगावच्या शूटिंगला नेला जातो, एस्थरचा पत्ता हरवतो, ती ड्राइव्ह-इनमध्ये गाड्यांपाशी खाणं पोचवण्याचं काम करते, तो तिला शोधून काढतो: गेलं. रेकॉर्डिंगच्या वेळी तो तिला हळूच लग्नाचं विचारतो, वरचा माइक चालू असतो आणि सगळ्या वादकांसमोर ती कुजबुज मोठ्याने वाजते: गेलं. 'लूज दॅट लाँग फेस' गेलं, त्यामुळे तोंडावर तीळ काढून ती का रडतेय हे कुणालाच कळत नाही. 'बॉर्न इन अ ट्रंक' मात्र जसाच्या तसा.

खेळ सुटल्यावर शेजारचं जोडपं काय बोलतं ते ऐका. ज्युडी छान गाते, पण यांचं प्रेम जमलं कधी? भेटले काय, लगेच लग्न काय! पुढे कैक वर्षं ही तक्रार या चित्रपटाला चिकटून राहणार आहे, आणि ती करणारे जाणकार म्हणवले जाणार आहेत. तुम्हाला मात्र माहीत आहे: जोडप्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. त्यांनी पाहिलेल्या सिनेमात प्रेम जमतच नाही, कारण ते जमतं ती रिळं कुणीतरी काढून घेतलीत. प्रेक्षक खोटं बोलत नव्हता. त्याला दिलेला माल अर्धा होता.

३० मार्च १९५५. पुन्हा बुधवार, पुन्हा तेच पँटेजेस. ऑस्करचा सोहळा याच छताखाली होतो. चित्रपटाला सहा नामांकनं आहेत. ज्युडी इथे नाही. आदल्याच दिवशी तिला मुलगा झालाय आणि ती हॉस्पिटलात आहे. ती जिंकणारच म्हणून टेलिव्हिजनवाल्यांनी तिच्या खोलीत कॅमेरे लावलेत. पाकीट उघडतं. नाव ग्रेस केलीचं, 'द कंट्री गर्ल'साठी. गंमत अशी की त्या चित्रपटातही ग्रेस दारुड्या, उतरणीला लागलेल्या गायकाची बायको आहे. हॉस्पिटलात माणसं मुकाट्याने वायरी गुंडाळून निघून जातात. सहापैकी एकही नाही. विनोदी नट ग्राउचो मार्क्सने तिला तार केली ती दरोड्याची उपमा देऊन, आणि पुढे सत्तर वर्षं लोक तीच उपमा देत आलेत. इथे फार थांबू नका.

शेवटची तारीख: ७ जुलै १९८३, न्यूयॉर्क, रेडिओ सिटी म्युझिक हॉल. रोनाल्ड हेव्हर नावाच्या चित्रपट-अभ्यासकाने स्टुडिओची गोदामं पालथी घालून १८१ मिनिटांचा पूर्ण ध्वनिपट शोधलाय, काही कापलेली दृश्यंही. लग्नाची कुजबुज परत आलीय, तिळांचं गाणं परत आलंय. कुकोर जानेवारीत वारला, हे बघायला तो उरला नाही. ज्युडीला जाऊन चौदा वर्षं झालीत. मेसन मात्र आलाय, चौऱ्याहत्तर वर्षांचा.

ड्राइव्ह-इनचा भाग येतो तेव्हा पडदा गोठतो. त्या दृश्यांची फिल्म मिळालेली नाही, म्हणून स्थिर फोटो एकामागून एक दाखवताहेत आणि खाली आवाज चालू आहे. कुणी कुरकुरत नाही. एवढ्या मोठ्या सभागृहात माणसं न हलणाऱ्या चित्रांकडे पाहत, फक्त ऐकत बसलीत.

आज घरी लावाल ती प्रत याच रात्रीची, १७६ मिनिटांची. ती पाहून या, मग आपण भांडू.