छपरावरची बाग

मागच्या पावसाळ्यात आमची गच्ची गळू लागली. मिस्त्री आला, अम्मीच्या कुंड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘हे सगळं आधी खाली घ्या. झाडं आणि छप्पर यांचं जमत नाही.’’ कुंड्या उतरवताना मला काश्मीर आठवले. तिथे कित्येक पिढ्या छपरावरच बाग असे, आणि ती घर राखत असे.

मुस्लिम राजवटीतल्या बागा म्हटल्या की आपल्याला शालिमार आणि निशात आठवतात. पाण्याचे पाट, कारंजी, चिनारांच्या रांगा. त्या बागा बादशहांच्या आणि उमरावांच्या. सामान्य माणसाची बाग कुठे होती, हे आपण सहसा विचारत नाही. याचे उत्तर खुद्द एका बादशहाने लिहून ठेवले आहे.

१६२० च्या वसंतात जहांगीर काश्मीरमध्ये होता. ‘तुझुक-ए-जहांगिरी’ या आत्मवृत्तात तो सांगतो की, इथली घरे लाकडी आहेत, लोक छपरावर माती पसरून त्यात लाला, म्हणजे ट्यूलिपचे कंद लावतात आणि दर वसंतात ते फुलतात. ही रीत काश्मीरचीच, असेही तो म्हणतो. मुख्य मशिदीच्या छपरावर लाला बहरल्याची नोंदही त्याने केली आहे. ‘नादिर-उल-अस्र’ हा किताब मिळालेला चित्रकार उस्ताद मन्सूर याने काश्मीरची शंभराहून अधिक फुले रंगवली, हेही त्यानेच लिहिले आहे. मन्सूरचे लाल ट्यूलिपचे चित्र आज अलीगढला आहे.

ही नुसती हौस नव्हती. लाकडी फळ्यांवर भूर्जाच्या सालीचे थर आणि त्यावर माती, अशी ती रचना. साल पाणी अडवी, माती थंडी अडवी आणि मुळे मातीला धरून ठेवत. तिथे नाजूक शाही फूल टिकले नसते. बर्फाखाली झोपणारा आणि कोरड्या दिवसांतही जमिनीखाली तग धरणारा रानचा कंदच हवा. एकदा लावला की दरवर्षी पेरणी नाही, खत नाही, माळी नाही. ट्यूलिपसोबत आयरिसही असे. हीच पांढरी-जांभळी आयरिस काश्मिरी माणूस आपल्या माणसांच्या कबरीवरही लावत आला आहे. घराच्या डोक्यावर आणि कबरीच्या उशाशी एकच फूल.

पुढे पत्रे आले. पत्रा स्वस्त आणि हलका, दुरुस्तीची कटकट कमी. छपरांवरची फुले गेली. शालिमार-निशात सरकारने जपल्या, आज तिकीट काढून लोक त्या पाहतात. छपरावरची बाग जपायला कोणी नव्हते, कारण ती कोणा एकाची नव्हतीच. आपला इतिहास फक्त बादशहांचा आहे असे कोणी म्हटले की आपल्याला राग येतो. पण आपण तरी दुसरे काय जपले?

मिस्त्रीचे चुकले नव्हते. आमचा स्लॅब मातीसाठी बांधलेलाच नाही. अम्मीच्या भुईचाफ्याचे कंद मी कुंपणालगतच्या जमिनीत लावले. हिवाळ्यात पाने वाळून गेली, तेव्हा शेजारी म्हणाले, मेले ते. अम्मी म्हणाली, ‘‘खणू नकोस, राहू दे.’’ चैत्रात उघड्या मातीतून, एकही पान नसताना, पहिले फूल वर आले.