अख्खं दफ्तर की एकच रुमाल?

मागच्या महिन्यात विद्यापीठातली एक ज्युनियर लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. छापील मराठी मजकूर संगणकाला ओळखता यावा, यावर तिचं काम चालू आहे. त्यासाठी वेगवेगळ्या देवनागरी फॉन्टमधल्या ओळींची चित्रं तयार करावी लागतात. आधी तिने कुठल्यातरी झिपमधून फॉन्ट घेतले होते. गाईडनी विचारलं, "मुक्ताची आवृत्ती कोणती?" उत्तर नव्हतं, प्रयोग पुन्हा करायचा ठरला. म्हणून ती गूगल फॉन्ट्सच्या मूळ गिट रिपॉझिटरीकडे वळली. हवे होते मुक्ता, मोदक आणि टिरो देवनागरी मराठी, एवढेच. पण क्लोन लावलं की सगळंच उतरायला लागायचं, हॉटस्पॉट मध्येच तुटायचा, आणि तुटलेलं क्लोन पुन्हा पहिल्यापासून सुरू. "दादा, तीन फोल्डरसाठी सगळं भांडार कशाला?"

प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे बराच इतिहास आहे. आणि तो फक्त संगणकाचा नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधून ठेवलेत. अख्खं दफ्तर कोणी घरी नेऊ शकत नाही. म्हणून गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड छापले गेले. वाचकाची सोय झाली, पण निवडीबाहेरचं काही हवं असेल तर पुणं गाठावंच लागतं. ही अट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कोड सांभाळणाऱ्या जुन्या प्रणाल्यांत हा प्रश्न फारसा नव्हता. 1986 च्या सुमाराची सीव्हीएस असो की 2004 मध्ये 1.0 झालेली सबव्हर्जन, सगळा इतिहास मधल्या सर्व्हरवर असायचा. तुम्ही एकच फोल्डर मागू शकत होता. किंमत एवढीच, की जुनं काही बघायचं तर सर्व्हरला विचारा.

2005 मध्ये चित्र बदललं. लिनक्स कर्नलचं काम बिटकीपर या खासगी प्रणालीवर चालायचं. तिची मोफत परवानगी गेली आणि त्याच एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासाची प्रत असते, कोणा एकावर अवलंबून राहायचं नाही. शिवाय प्रत्येक कमिटचा क्रमांक त्या वेळच्या संपूर्ण फोल्डररचनेवरून ठरतो, म्हणजे एक अक्षर बदललं तरी क्रमांक बदलतो. त्यामुळे 'एका फोल्डरचा स्वतंत्र कमिट' अशी गोष्टच गिटमध्ये नाही. आपली अडचण इथून सुरू झाली.

2010 मध्ये गिट 1.7.0 मध्ये स्पार्स चेकआउट आलं. इथे बरेच जण फसतात. त्याने डिस्कवर मोजकेच फोल्डर दिसतात, पण डाउनलोड मात्र पूर्णच होतं. त्याच वर्षी गिटहबने सबव्हर्जनची वाट उघडली. त्या मागल्या दाराने लोक एकेक फोल्डर उतरवायचे. जानेवारी 2024 मध्ये ते दार बंद झालं, म्हणून नेटवरचे ते जुने सल्ले आता चालत नाहीत.

खरा रेटा मोठ्या कंपन्यांकडून आला. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा कोड गिटमध्ये आणला तेव्हा त्यात सुमारे 35 लाख फायली होत्या, आकार 300 जीबीच्या आसपास. पूर्ण क्लोन रोजच्या कामाला परवडणारं नव्हतं. एप्रिल 2018 च्या गिट 2.17 मध्ये पार्शल क्लोन आलं. आता फायलींचा मजकूर गरज पडेल तेव्हा मागवता येतो. जानेवारी 2020 च्या 2.25 मध्ये 'स्पार्स-चेकआउट' ही वेगळी आज्ञाही मिळाली.

म्हणजे गोष्टी दोन आहेत: डिस्कवर काय मांडायचं आणि नेटवरून काय आणायचं. आपल्याला दोन्ही लागतात. क्लोन करताना फिल्टर 'ब्लॉब नन' ठेवा आणि सोबत 'स्पार्स' पर्याय लावा. मग 'स्पार्स-चेकआउट सेट' लिहून हव्या त्या फोल्डरांची नावं द्या. कमिटची यादी आणि फोल्डरांची रचना तरीही पूर्ण येते, पण फायलींचा मजकूर फक्त तुमच्या फोल्डरांचा आणि सगळ्यात वरच्या पातळीवरचा.

आता ती पुण्याची अट. जुन्या आवृत्त्यांचा मजकूर तुमच्याकडे नसतो. नेट नसताना जुना फरक बघायला गेलात, तर गिट सर्व्हर शोधतं आणि अडतं. 2005 मध्ये मिळवलेलं स्वातंत्र्य थोडं परत देऊन आपण डेटा वाचवतो. प्रवासात किंवा गावी काम करणार असाल, तर लागणारं आधीच उघडून ठेवा.

मग झिप काय वाईट होतं? नुसत्या उचललेल्या फायली कुठल्या कमिटच्या, हे नंतर सांगता येत नाही. पार्शल क्लोनमध्ये कमिट क्रमांक शाबूत राहतो. ज्युनियरने तीन फोल्डर उतरवले, तो क्रमांक वहीत लिहिला, आणि शेजारी कोणते फोल्डर घेतले तेही. गाईडना हेच हवं होतं. तुम्हीही प्रयोग सुरू करायच्या आधीच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवत नाही, हे मी अनुभवाने सांगतोय.