मोडता येणारा दागिना

तर झालं असं, की दिवाळीच्या आधी आमच्या हापिसात हाताने दागिना बनवायची स्पर्धा निघाली. रांगोळी आणि कंदील दरवर्षी होतात, यंदा कुणाच्या तरी डोक्यात दागिने आले. विषय होता 'जुन्यातून नवं'. नियम तीन. सामान पाचशे रुपयांच्या आतलं, बाजारातलं तयार पेंडंट चालणार नाही, आणि घरातली एक तरी जुनी वस्तू त्यात वापरलेली हवी. प्रत्येक टीममधून एक तरी नाव हवंच होतं. ज्या मीटिंगमध्ये नाव ठरलं त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो, त्यामुळे पुढचं सांगायला नको. :)

घरातली जुनी वस्तू म्हटल्यावर मला एकच आठवली. बीडला आमच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक जुना रुपया आहे. आजीच्या सासूच्या गळ्यातल्या रुपयांच्या हारातला हा शेवटचा. शनिवारी गाडी पकडून घरी गेलो, आईला सगळा प्लॅन सांगितला. वरच्या बाजूला बारीकसं भोक पाडायचं, काळ्या रेशमी दोऱ्यात ओवायचा, दोन्हीकडे चार-चार मणी. काम झालं.

आई म्हणाली, "न्यायचा तर ने. पण भोक नको पाडू. मोडायची वेळ आली तर?"

आता आमच्यावर देवातला रुपया मोडायची वेळ काय येणार आहे? मी हसलो. पण येताना एसटीत रुपया हातात घेऊन बसलो होतो आणि ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मग नेहमीप्रमाणे दोन वीकेंड वाचण्यात घालवले. त्याचा हा हिशेब.

आधी रुपयाबद्दल. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचा स्वतःचा रुपया होता. त्याला म्हणायचे हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. साधारण १९०३-०४ पासून हाली रुपयावर मधोमध चारमिनार आला आणि भोवती फारसी अक्षरं. चारमिनारच्या कमानीत नीट पाहिलं तर एक अक्षर दिसतं. मीर महबूब अलींच्या नाण्यांवर 'मीम', आणि १९११ ला मीर उस्मान अली गादीवर आल्यानंतरच्या नाण्यांवर 'ऐन'. आमच्या रुपयावर ऐन आहे. लहानपणापासून मी त्याला नक्षी समजत होतो!

आता थोडं गणित (सवय जात नाही). त्या काळच्या कलदार रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. हाली रुपया सुमारे ११.२ ग्रॅमचा, चांदी सुमारे ८२ टक्के, म्हणजे ९.१ ग्रॅमच्या आसपास. भागाकार केला की १.१७ येतात. आणि दोन्ही रुपयांचा बदलीचा ठरलेला भाव काय होता? सहा कलदारांना सात हाली. सात भागिले सहा, १.१७! म्हणजे छाप कुणाचा का असेना, भाव पोटातल्या चांदीप्रमाणेच होता. गळ्यात वीस रुपयांचा हार घातलेल्या बाईला आपल्या गळ्यात किती चांदी आहे हे कुठल्याही सोनाराकडे न जाता माहीत असायचं. सरकारने आधीच मोजून, छाप मारून दिलेली चांदी. त्या काळी खेड्यात बँक कुठली? हार हेच बचत खातं, आणि ते चोवीस तास अंगावर.

पण नाणं गळ्यात घालायची ही कल्पना निजामाच्या काळातली नाही. ती फार जुनी आहे, आणि आमच्याच भागात तिचे पुरावे आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तकात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावं येतात, पैठण आणि तगर. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून रंगीत पट्ट्यांचे खडे भडोच बंदराकडे जायचे, तगरहून कापड. नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी सरळ रेघ ओढून बघा, ती बीड शहराला जवळजवळ चिकटून जाते. आम्ही लहानपणी 'आमच्याकडे काय आहे, दुष्काळ' असं म्हणायचो, तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्या व्यापारातून रोमन नाणी इकडे आली. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांपैकी काहींना भोकं पाडलेली आहेत, काहींना वर कडी जोडलेली आहे. म्हणजे ती गळ्यात गेली होती. पण मला जास्त आवडली ती मातीची नाणी. तेरला आणि तेलंगणातल्या कोंडापूरला मातीच्या गोल चकत्या सापडल्या आहेत, रोमन नाण्यावरून छाप घेऊन भाजलेल्या आणि दोऱ्यात ओवायची सोय केलेल्या. त्यांपैकी काहींवर सम्राट टायबेरियसच्या (इ.स. १४ ते ३७) नाण्याची नक्कल आहे. सोनं परवडत नाही, मग छाप तरी घालू, असा कुणीतरी विचार केला असणार. आजच्या इमिटेशन लक्ष्मीहाराची ही खापर-खापर-पणजी. फरक एकच. तो मोडायला गेलं तर हातात माती.

पुढे पुतळी आली. पुतळीहार सगळ्यांना माहीत असतो, लग्नाच्या फोटोत असतोच. पण पुतळी हे मुळात नाणं आहे, आणि तेही व्हेनिसचं! तिथला डुकाट १२८४ पासून निघत होता, जवळजवळ शुद्ध सोनं, वजन सुमारे साडेतीन ग्रॅम. एका बाजूला संत मार्क उभे आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला येशू. आपल्याकडे त्यावरच्या आकृत्यांवरून नाव पडलं पुतळी. मराठेशाहीच्या हिशेबांत होन, मोहर यांच्या जोडीने पुतळी येते ती हीच. १७९७ साली व्हेनिसचं प्रजासत्ताक संपलं, पण इकडे सोनार पुतळ्या घडवतच राहिले. नाणं पाडणारं राज्य गेलं, दागिना राहिला.

आणि कवडी? आपण 'फुटकी कवडी देणार नाही' म्हणतो, कारण कवडी हेही एके काळी चलन होतं. बंगाल आणि ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कवड्यांत व्यवहार चालत. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. आमच्याकडे तांड्यावरच्या जुन्या बंजारा बायकांच्या कांचळीवर, फेटियावर कवड्या, आरसे आणि नाणी शिवलेली असतात, गळ्यात चांदीची हांसळी, केसांतून कानांवर लोंबणाऱ्या घुगरी-टोपली. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ घेऊन देशभर फिरणारी माणसं. ज्याचं घरच चालतं असतं, त्याने तिजोरी कुठे ठेवायची? अंगावर. लहानपणी आठवडी बाजारात मी ते कपडे फक्त 'रंगीत' म्हणून बघायचो. तो हिशेब आहे हे आता कळतंय.

इथे मला आईच्या वाक्याचा धागा सापडला. मराठीत 'मोड' या शब्दाचा खेळ बघा. शंभराची मोड म्हणजे सुटे पैसे. आणि दागिना मोडणे म्हणजे विकून त्याचे पैसे करणे. मोडणं म्हणजे फक्त नासधूस नव्हे. एका रूपातून दुसऱ्या रूपात परत जाणं. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक. आमच्या भागातल्या दागिन्याला ही पहिली अट होती. सुंदर तर हवाच, पण वाईट वर्षी परत पैसा होता आला पाहिजे, आणि होताना कमीत कमी तूट आली पाहिजे.

ही अट एकदा समजली की कारागिरी वेगळीच दिसायला लागते. नाण्याला भोक पाडलं तर तेवढी चांदी गेली, आणि नाणं म्हणूनही ते बाद. म्हणून सोनार भोक न पाडता वरच्या कडेला छोटी कडी डागायचा, म्हणजे झाळायचा. नाणं पूर्ण राहतं. मग येतो पटवेकरी. मणी, पुतळ्या, रुपये रेशमात गाठवणारा हा कारागीर. दोन नाण्यांमध्ये गाठ, मागे गोंडा, आणि सगळा हार दोऱ्यावर. त्यामुळे हार अख्खा विकावा लागत नाही. एक गाठ सोडा, एक रुपया काढा, बाकीचा पुन्हा गाठवून घ्या. नड जेवढी, तेवढंच मोडा. उलट बोरमाळेचे मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली. पातळ पत्र्यात मोठा दागिना दिसतो, पण मोडताना लाखेचं वजन आणि घडणावळ दोन्ही जातात. म्हणून एकाच घरात दोन्ही असायचं. मिरवायचं वेगळं, नडीचं वेगळं.

दागिन्यांच्या स्पर्धाही काही आजच्या नाहीत. १९०३ च्या दिल्ली दरबाराला जोडून लॉर्ड कर्झनने भारतीय कलांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. सर जॉर्ज वॉट त्याचे प्रमुख. देशभरातून दागिने आले, परीक्षक बसले, पदकं दिली गेली. कर्झनची अट कडक होती, युरोपीय वळणाचं काही नको, अस्सल हिंदुस्थानी हवं. हेतू चांगलाच असेल. पण मला सारखं वाटतं, एखादी बाई पुतळीहार आणि राणीछाप रुपयांचा हार घालून तिथे उभी राहिली असती तर? एका हारात व्हेनिसचा संत, दुसऱ्यात व्हिक्टोरिया राणी. अस्सल की परका? परीक्षकांनी वळण बघितलं असतं. तिने सांगितलं असतं, सोनं चोख आहे, गाठ सुटते, आणखी काय पाहिजे.

आता आमच्या हाराचं. आजीच्या सासूने तो आजीच्या गळ्यात घातला तेव्हा त्यात एकवीस रुपये होते, असं आजी आईला सांगायची. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली, बैल विकले, आजी-आजोबा दोघंही खडी फोडायला जायचे. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ चा, पण महाराष्ट्रात कामं काढून लोकांना जगवायची मोठी परीक्षा झाली ती त्या दुष्काळात. कामावर सुकडी मिळायची. पण कामावर जायच्या आधीचे, मधले आणि आजारपणाचे दिवस कशावर काढायचे? आजी दर खेपेला गाठ सोडायची, एक रुपया काढायची, आणि उरलेला हार स्वतःच घरी गाठवायची. हार गळ्याला पुरेना, तेव्हा मध्ये नुसता दोरा सोडायची. शेवटचा रुपया देवात ठेवला, आणि देवातला मोडायच्या आत पाऊस आला.

त्या विसांपैकी एकही रुपया वाया गेला नाही. एखाद्याचं ज्वारीचं पोतं झालं, एखाद्याचं औषध, आणि एक माझ्या वडिलांच्या शाळेचा. मी इंजिनिअर झालो त्याची सुरुवात कुठे झाली याचा विचार करताना मी नेहमी कॉलेजच्या अॅडमिशनपाशी थांबायचो. आता एका सुटलेल्या गाठीपाशी थांबतो.

हे वाचून झाल्यावर भोक पाडणं शक्यच नव्हतं. रुपयाच्या वरच्या कडेला जुन्या कडीचा डाग अजून दिसतो. नाणी जमवणारा एक मित्र म्हणाला, "हा डाग नसता तर भाव चांगला आला असता." असेल. मी पुण्यात पेठेतल्या एका पटवेकरी काकांकडे गेलो. ते म्हणाले, "कडीसुद्धा नको लावू. रेशमाच्या जाळीत बसव." दोन संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मी गाठ शिकलो. पहिल्या सात गाठी त्यांनी न बोलता कापल्या. आठवी राहिली.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक बाईंनी हार हातात घेतला, थोडा ओढून पाहिला आणि विचारलं, "छान आहे, पण पक्कं आहे का हे? सुटेल की!"

"सुटायलाच पाहिजे मॅडम," मी म्हणालो. पुढे सांगायला गेलो, पण मागे रांग होती. बक्षीस अर्थातच नाही मिळालं. पहिला नंबर जुन्या घड्याळाच्या चाकांच्या झुमक्यांना गेला, आणि झुमके खरंच सुंदर होते.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा हार आईला दिला. तिने गळ्याला लावून आरशात पाहिला, मला म्हणाली, "बरा जमलाय की रे." मग लक्ष्मीपूजनाच्या आधी तिने मागची गाठ ओढली, जाळी सैल झाली, रुपया तिच्या तळहातावर आला. अर्धं मिनिटही लागलं नाही. रुपया चिंचेने घासून ताटात ठेवला, दोऱ्याची गुंडाळी करून मला परत दिली.

"हे ठेव," म्हणाली, "दोरा चांगला आहे."