विद्यापीठाच्या वर्गातील आत्मकथन

नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्यावरील आपल्या डोंगरकड्याच्या परिसराला आत्मनिवेदन नवे नाही. नर्सीच्या नामदेवांनी आपले शिंपीपण कधी लपविले नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणाची व्यथा थेट विठ्ठलाच्या कानी घातली. पुढे १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे हिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्याने स्वतःचे जिणे विद्येच्या दारात मांडावे, याचा तो आरंभच म्हणावयास हरकत नाही.

उच्च शिक्षण मात्र मराठवाड्यास दीर्घकाळ दुर्मीळ होते. १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. म्हणजे खेड्यातील मराठी मुलाने घरची भाषा उंबरठ्याबाहेर ठेवूनच आत जावयाचे. १९४८ साली निजामी राजवट संपली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, महाविद्यालय काढले. त्यास लाभलेले ‘मिलिंद’ हे नाव भिक्खू नागसेनास निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे होय. शिष्याने विचारावे व गुरूने ऐकून उत्तर द्यावे, हा संकेत त्या नावातच आहे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठही स्थापन झाले.

परंतु दार उघडले म्हणजे आत आलेला मनुष्य बोलू लागतोच असे नाही. क्रमिक पुस्तकांतील घर वाड्याचे, अंगण तुळशीचे आणि भाषा पुण्याची. गावकुसाबाहेरून आलेल्या मुलाने त्यावर काय बोलावे? मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे, ‘अस्मितादर्श’ चालविणारे प्रा. गंगाधर पानतावणे यांसारख्या अध्यापकांनी हे मौन ओळखले आणि भोगलेले जीवन हाही साहित्याचा विषय आहे, असा विश्वास तरुणांना दिला.

१९७८ हे वर्ष या इतिहासात विसरता येणार नाही. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. त्याच वर्षी दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. पाठोपाठ मराठवाड्याच्या मातीतील प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ आले. १९८१ साली शंकरराव खरातांनी ‘तराळ अंतराळ’ लिहिले. तराळाचा हा मुलगा याच विद्यापीठाचा कुलगुरू झाला होता. नामविस्तारास मात्र १९९४ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले व उच्च शिक्षण आपल्या भागाच्या अधिक निकट आले.

ही आत्मकथने पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आली, तेव्हा वर्गात काय घडले? बलुतेदारी, येसकरपाळी, वेगळा पाणवठा हे शब्द काही मुलांना टीप देऊन समजवावे लागले; काहींना ते घरूनच ठाऊक होते. आजवर मागच्या बाकावर मुकाट बसणारा विद्यार्थी प्रथमच जाणता ठरला. तथापि येथे एक विवेक आवश्यक आहे. कोणाही मुलास उभे करून ‘तुझी जात सांग, तुझे दुःख सांग’ म्हणणे हे शिक्षण नव्हे. तो नवा अपमान होय. छापील ग्रंथाचा उपयोग असा, की त्याच्या आडोशाने ज्यास बोलावयाचे तो बोलतो आणि ज्यास मौन हवे त्याचे मौन अभंग राहते.

आपल्या समाजाने यातून काय घ्यावे? आपली पहिली पिढी विद्यालयात कशी गेली, वसतिगृहाचा आधार कोणी दिला, शिक्षण कोणत्या मुलीचे सुटले, हे वृद्धांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवणे अगत्याचे आहे. परंतु लिहिताना केवळ आपल्यावरील अन्यायच मोजू नये. या आत्मकथनांतील गावात पाणी उंचावरून ओतणारे हातही आहेत. ते हात आपल्याच आजोबा-पणजोबांचे नव्हते, असे छातीवर हात ठेवून किती कुटुंबे म्हणू शकतील? तेही पान आपल्या लेखणीने लिहिले जावे. गुणवंतांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. त्यांना व्यासपीठावर दोन शब्द बोलू द्यावे आणि वडीलधाऱ्यांनी ते ऐकावे, एवढी नम्र विनंती.