अनुभवालाही वय असतं
१६८८ साली डब्लिनच्या मॉलिन्यूने जॉन लॉकला विचारलं: जन्मांधाला मोठेपणी दृष्टी आली, तर हाताला ओळखीचे असलेले गोळा आणि चौकोनी ठोकळा तो नुसते बघून ओळखेल का? लॉकचं मत पडलं, नाही. पाहायलाही अनुभव लागतो. पण तो कोणत्या वयात?

१९६३मध्ये वीझल आणि ह्यूबेल यांनी मांजराच्या पिल्लांची एक पापणी डोळे उघडण्याआधीच शिवली, तीनेक महिन्यांनी सोडवली. डोळा धड होता, पण मेंदू त्याला दाद देईना. दुसरा डोळा झाकला की पिल्लू आंधळ्यासारखं वावरे. मोठ्या मांजराचं मात्र तसं झालं नाही.

म्हणून बाळाच्या जन्मजात मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘मोठं झाल्यावर बघू’ म्हणत लांबवायचं नसतं. या शहाणपणाची किंमत त्या पिल्लांनी मोजली, तेही लक्षात असू द्या.