टायरवरची अक्षरं

एक्स्प्रेस वे २००२ साली पूर्ण झाला, त्याआधीची गोष्ट. बोरघाट चढण्याआधी खोपोलीला ट्रक थांबायचे. दसरा जवळ आला की क्लीनर पोरं बारीक ब्रशने टायरवरच्या उठावाच्या अक्षरांना पांढरा ऑइलपेंट लावत बसलेली दिसायची.

गंमत अशी, की टायर मुळात काळे नव्हतेच. सुरुवातीचे टायर झिंक ऑक्साइडमुळे पांढुरके असत. १९१० नंतर रबरात काजळीसारखी काळी पूड, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळू लागले. टायर कितीतरी जास्त टिकू लागला आणि काळा झाला. नाव साच्यातूनच उमटतं, तेही काळ्यावर काळं. १९७० च्या सुमारास अमेरिकेत पांढऱ्या अक्षरांच्या टायरची फॅशन आली. तिथे रंग नसतो बरं का! आत पांढऱ्या रबराचा थर असतो. वरचं काळं रबर घासलं की अक्षर उजळतं. आपल्याकडचा ऑइलपेंट मात्र टायर दबला की तडकायचा. दिवाळीपर्यंत टिकला तर खूप.

डनलॉपने १९३६ साली बंगालमध्ये साहागंजला कारखाना काढला, तेव्हापासून ते नाव आपल्या रस्त्यांवर फिरत होतं. ते रंगवणारा एक पोरगा माझ्या वर्गातला, चौथीत शाळा सोडलेला. इंग्रजीचा गंध नाही. पण उठावाची कड ब्रशला धरून नेते, पहिलीत पाटीवर गिरवतात तसं. त्याचा गोल ओ कुठे बाहेर गेला नव्हता.

"काय लिहिलंय रे?"

"टायरचं नाव, गुरुजी."

"कुठलं?"

हसला, आणि डबा उचलून पुढच्या चाकाकडे गेला.